घोड्याला पंख कुठे लावायचे?

रेडिओवर चित्रांविषयी बोलायचं म्हणजे आंधळी कोशिंबीरच. मी सांगणार आणि तुम्ही डोळे मिटून पाहणार. पण आज ज्या चित्रांविषयी मी बोलणार आहे, त्यांतले प्राणी मीही पाहिलेले नाहीत आणि ज्यांनी ती चित्रं काढली त्यांनीही पाहिलेले नव्हते. तेव्हा तुमचं-माझं बरोबरीचं आहे.

बोलण्याचं निमित्त माझ्या नातीनं दिलं. वय वर्षे नऊ. उन्हाळ्याच्या सुटीत ती चितेगावला आमच्याकडे आली होती. छत्रपती संभाजीनगरहून, म्हणजे आमच्या लहानपणीच्या औरंगाबादहून, पैठणच्या रस्त्याला लागलात की वीसेक किलोमीटरवर चितेगाव येतं. ओसरीत पालथी पडून ती रंगीत पेन्सिलींनी घोडा काढत होती. घोडा बरा जमला होता. मान वर करून तिनं विचारलं, "नाना, घोड्याला पंख कुठे लावायचे?"

मी कविता लिहिणारा माणूस. नसलेल्या गोष्टींना पंख लावणं हा माझा रोजचाच उद्योग म्हणायला हरकत नाही. पण मला उत्तर देता येईना. पाठीवर लावायचे, की मानेशी? खांद्यातून काढायचे, की पोटाकडून? आणि मग आठवलं, की सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी याच ओसरीत हाच प्रश्न मलाही पडला होता.

तेव्हा आमच्या भिंतीवर बुराकाचं एक छापील चित्र टांगलेलं होतं. मेराजच्या रात्री पैगंबरसाहेबांना ज्या वाहनानं नेलं, तो बुराक. हदीसमध्ये त्याचं वर्णन अगदी थोडक्यात येतं. पांढऱ्या रंगाचा, गाढवापेक्षा मोठा नि खेचरापेक्षा लहान, आणि नजर पोचेल तिथं त्याचं पाऊल पडायचं. आमच्या भिंतीवरच्या बुराकाला मात्र बाईचा चेहरा होता, डोक्यावर मुकुट होता आणि मागे मोराचा पिसारा. ही सगळी भर चित्रकारांची. पुढं वाचनात आलं, की इराणपासून दख्खनपर्यंत अनेक चित्रकारांनी तो आपापल्या देशाच्या दागिन्यांनी सजवला आहे. आमच्याकडच्या बुराकाच्या नाकात नथ नव्हती एवढंच.

तो मला काढायचा होता. दादीनं बिडकीनच्या बाजारातून बारा पेन्सिलींची एक पेटी आणून दिली होती. अर्ध्या लांबीच्या पेन्सिली, बोटभर. एका जुन्या हिशेबाच्या वहीत मी बुराक काढला. मग हाताला चटकच लागली. 'चांदोबा'तला वेताळ काढला. तीन तोंडांचा नाग काढला. बैलाच्या धडाला मगरीचं तोंड लावलं. वही भरत आली.

एक दिवस घरातल्या एका वडीलधाऱ्यांच्या हाती ती वही पडली. माणूस फार सज्जन. जिवंत प्राण्याचं चित्र काढू नये, काढणाऱ्याला उद्या कयामतच्या दिवशी त्यात जीव घालायला सांगितलं जाईल, अशी त्यांची श्रद्धा. त्यांना माझी काळजी वाटली. त्यांनी वही चुलीत घातली. रागानं नव्हे. पोराच्या अंगावर चढलेला विंचू झटकावा, तितक्याच मायेनं आणि घाईनं. मी चुलीसमोर बसून होतो. सगळ्यात आधी पुठ्ठा काळा पडला, हे मला अजून आठवतं.

दादी त्या वेळी काही बोलली नाही. पुढच्या बाजाराला तिनं नवी पेटी आणली आणि माझ्या हातात देत म्हणाली, "फूलपत्ते निकाल बेटा. फूलपत्त्यांकू कौन क्या बोलता?"

मी फूलपत्ते काढू लागलो. पण हात गप्प बसेना. वेलीच्या टोकाला एखादं पान असं वळवायचो, की त्याची चोच व्हावी. कळीच्या पोटात एक ठिपका द्यायचो, की तो डोळा दिसावा. पाहणाऱ्याला वेल दिसे, मला पाखरू दिसे. ही युक्ती आपल्यालाच सुचली, असं मला वाटायचं. ती निदान दीड हजार वर्षं जुनी आहे, हे शाळेच्या सहलीत कळलं.

आमच्या गावची जागा मोठी मजेची आहे. उत्तरेला शे-सव्वाशे किलोमीटरवर अजिंठा, दक्षिणेला तीसेक किलोमीटरवर पैठण. आठवीत असताना आमची सहल अजिंठ्याला गेली. पहिल्या लेण्यात मार्गदर्शकानं दिवा पद्मपाणीवर धरला. सगळी मुलं पद्मपाणीकडे पाहू लागली. मी मान मागे टाकून छताकडे पाहिलं. तिथं चौकोनाचौकोनांतून फळं होती, फुलं होती, हंस होते, ढेरपोटे बुटके गण होते. आणि असे काही प्राणी होते की ज्यांचं पुढचं अंग जनावराचं नि मागचं अंग वेलबुट्टीत विरून गेलेलं. शेपटी कुठं संपते आणि पान कुठं सुरू होतं, ते सांगता येऊ नये. माझ्या घशात आवंढा आला. चुलीत गेलेली माझी वही कुणीतरी छतावर जपून ठेवल्यासारखं वाटलं.

अजिंठ्याची ही चित्रं पाचव्या शतकातली, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातली. बुद्धाच्या पूर्वजन्मीच्या कथा म्हणून आपण ती पाहतो. पण त्यांत अद्भुत जिवांचीही केवढी वस्ती आहे! पद्मपाणीच्या भोवतालीच अर्धे माणूस-अर्धे पक्षी असे किन्नर वाद्यं वाजवत आहेत. सतराव्या लेण्यात सिंहलाची कथा आहे. त्यात व्यापाऱ्यांचं गलबत फुटून ते एका बेटावर येतात, तिथल्या सुंदर स्त्रिया त्यांचं स्वागत करतात आणि मग कळतं, की त्या राक्षसी आहेत. पहिल्या लेण्यात बुद्धाचं ध्यान मोडायला माराचं सैन्य आलेलं आहे. त्यातली एकेक तोंडं पाहून आजही अंगावर काटा येतो.

आणि हे सारं किती थोड्या रंगांत! तांबडा गेरू, पिवळी माती, हिरवी माती, दिव्याची काजळी, पांढरा रंग, आणि दूर अफगाणिस्तानातून येणारा निळा लाजवर्दी दगड. माझ्या पेटीत त्यापेक्षा दुप्पट रंग होते. मग त्यांचे राक्षस खरे का वाटतात आणि माझा मगरबैल खोटा का वाटत होता? उत्तर त्याच भिंतींवर आहे. तिथले हत्ती पाहा, माकडं पाहा, हंस पाहा. त्या हातांनी हत्तीचा गुडघा कसा वळतो, हे वर्षानुवर्षं पाहिलेलं होतं. न पाहिलेला प्राणी हा नेहमी पाहिलेल्याच प्राण्यांचा बनतो. ज्यानं पाहिलेलं नीट पाहिलं, त्याचंच न पाहिलेलं उभं राहतं.

आता या चित्रांचं पुढं काय झालं, ते सांगतो. कारण माझ्या चुलीशी त्याचं नातं आहे. १८१९ साली एका इंग्रज शिकारी तुकडीला अजिंठ्याची लेणी दिसली आणि बाहेरच्या जगाला ती माहीत झाली. १८४४ पासून मेजर रॉबर्ट गिल यांनी तिथं राहून मोठमोठ्या नकला केल्या. त्या लंडनला गेल्या. १८६६ साली क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि त्यांतल्या बहुतेक जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. कला शाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन आले. १८७२ ते १८८५ या काळात या विद्यार्थ्यांनी पुन्हा सगळं उतरवून काढलं. त्याही नकला लंडनला गेल्या आणि १८८५ च्या आगीत त्यांतल्याही अनेक जळाल्या. दोनदा जळूनही तिसऱ्यांदा माणसं आलीच. १९१० च्या आसपास लेडी हेरिंगहॅम आल्या. त्यांच्याबरोबर कोलकात्याहून नंदलाल बोस, असितकुमार हालदार ही मंडळी होती आणि निजामाच्या हैदराबादेतून आलेले दोन चित्रकार होते. त्यांची नावं सय्यद अहमद आणि काझी फझलुद्दीन. सय्यद अहमद पुढं अजिंठ्यातच काम करत राहिले.

ही दोन नावं मी कॉलेजात असताना पहिल्यांदा वाचली. ग्रंथालयात बसलो होतो. त्या ओळीवर बोट ठेवून मी बराच वेळ तसाच बसलो. किन्नरांच्या पंखांवरून नि अप्सरांच्या डोळ्यांवरून ज्यांची पेन्सिल फिरली, त्या माणसांची नावं आमच्या घरातल्यांसारखी होती. तसं पाहिलं तर यात विशेष ते काय? पण चुलीसमोर बसलेल्या एका मुलाला ती नावं कुणी आधी सांगितली असती, तर बरं झालं असतं.

आता जरा दक्षिणेकडे, पैठणला जाऊ. अद्भुत प्राण्यांच्या गोष्टींचा एक थोरला उगमच परंपरेनं तिथं मानला आहे. पैठण म्हणजे सातवाहनांचं प्रतिष्ठान. कथा अशी सांगतात, की सातवाहन राजाच्या दरबारात गुणाढ्य नावाचा मंत्री होता. एका पैजेत हरल्यामुळं त्यानं संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषा सोडल्या आणि पैशाची, म्हणजे पिशाचांची मानलेली भाषा शिकून घेतली. त्या भाषेत त्यानं सात लाख श्लोकांची बृहत्कथा लिहिली. अरण्यात शाई कुठली? स्वतःच्या रक्तानं लिहिली. राजानं ती नाकारली. मग गुणाढ्य डोंगरावर गेला, अग्निकुंड पेटवलं आणि एकेक पान रानातल्या पशुपक्ष्यांना वाचून दाखवून आगीत टाकू लागला. जनावरं चरणं विसरली, ऐकत रडत उभी राहिली. इकडं राजाच्या ताटात रोडावलेल्या जनावरांचं मांस येऊ लागलं. चौकशी करत राजा डोंगरावर पोचला, तोवर सहा लाख श्लोक जळून गेले होते. एक लाख उरले.

ही कथाच आहे, इतिहास नव्हे. पण बृहत्कथा नावाचा ग्रंथ होता आणि तो मूळ रूपात हरवला, हे विद्वान मानतात. उरलेल्या कथा फिरत फिरत काश्मीरला गेल्या. तिथं अकराव्या शतकात सोमदेवानं राणी सूर्यवतीसाठी 'कथासरित्सागर' रचला. त्यातच वेताळाच्या पंचवीस गोष्टी आहेत. झाडाला लोंबणारं प्रेत, त्यात शिरलेला वेताळ आणि त्याला खांद्यावर घेऊन चालणारा राजा. त्या गोष्टी पुढं किती भाषांत गेल्या! १८०५ साली कोलकात्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात मजहर अली खान 'विला' आणि लल्लूलाल या दोघांनी मिळून 'बैताल पचीसी' हिंदुस्थानीत आणली. १८३० साली सदाशिव काशिनाथ छत्रे यांची मराठी 'वेताळ पंचविशी' आली. आणि १९५२ पासून मराठी 'चांदोबा' घरोघर येऊ लागला.

'चांदोबा'तला विक्रम-वेताळ ज्यांनी काढला, त्या चित्रकाराची सही नुसती 'शंकर' अशी असायची. मद्रासचे के. सी. शिवशंकरन. १९५२ पासून ते तिथं होते आणि २०२० साली, नव्वदी ओलांडून गेल्यावर, वारले. एका हातात उपसलेली तलवार, खांद्यावर प्रेत, मागं कवट्या नि घुबडं. त्या एका चित्रानं महाराष्ट्रातल्या किती पोरांची झोप उडवली असेल आणि किती पोरांच्या हाती पेन्सिल दिली असेल! पैठणच्या नावानं सांगितली जाणारी गोष्ट काश्मीर फिरून, मद्रासला रंगून, पैठणच्याच रस्त्यावरच्या एका गावात टपालानं आली होती. मला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. मी आपला वेताळाचे केस पेन्सिलीनं काळे करत होतो.

पैठणचं दुसरं देणं चित्रकथीचं. गावोगाव फिरून, चित्रं दाखवत, गाऊन कथा सांगणारे ते चित्रकथी. कागदाची दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवायची, अशा जोडपानांची पोथी बांधायची आणि दिव्यासमोर एकेक पान धरत रामायण-महाभारतातला प्रसंग सांगायचा. पैठणला मिळाली म्हणून जुन्या चित्रांच्या एका शैलीला पैठणशैली म्हणू लागले. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात ती पाहायला मिळतात. एका बाजूनं काढलेले चेहरे, त्यात हे मोठाले टपोरे डोळे, जाड रेघ. आणि राक्षस! अंगावर ठिपके, सुळे बाहेर, आणि तरीही जत्रेतल्या एखाद्या पैलवानासारखे ओळखीचे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या पिंगुळीला ठाकर समाजानं ही कला आजवर टिकवली. तिथले परशुराम गंगावणे यांना त्यासाठी २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. जुन्या मंडळींची एक रीत होती. पोथी फार जीर्ण झाली की ती मेली असं समजून तिचं पाण्यात विसर्जन करायचं. पण त्याआधी नव्या कागदावर तीच चित्रं उतरलेली असत. म्हणून पोथी गेली तरी चित्र राहिलं.

आता माझ्या घरच्या प्रश्नाकडे येतो. मुसलमानानं प्राण्याचं चित्र काढावं की नाही, हा धर्मशास्त्राचा वाद मी सोडवणार नाही. तो माझा अधिकार नाही. मी फक्त इतिहासात काय घडलं ते सांगतो. तेराव्या शतकात झकारिया अल्-कझवीनी यांनी सृष्टीतल्या आश्चर्यांवर एक अरबी ग्रंथ लिहिला. त्यात पंखांचे, शिंगांचे, समुद्रातले, डोंगरातले विलक्षण जीव आहेत. त्याच्या सचित्र प्रती शतकानुशतकं होत राहिल्या. आपल्या दख्खनेत, विजापूरला, १५७० साली अली आदिलशहाच्या काळात 'नुजूम-उल्-उलूम' हा ग्रंथ तयार झाला. तो आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे. त्यातल्या शेकडो चित्रांत ग्रहतारे आहेत, हत्ती-घोडे आहेत आणि अनेक हातांच्या, अनोख्या वाहनांवर बसलेल्या रुहानी नावाच्या शक्ती आहेत. त्यांच्यावर भारतीय देवींची छाया इतकी स्पष्ट आहे, की आपलं कोणतं नि त्यांचं कोणतं, हे वेगळं करता येत नाही. मोगल आणि दख्खनी चित्रकारांनी माणसं-जनावरं एकमेकांत गुंफून त्यांचाच एक हत्ती किंवा उंट उभा केला. सुलेखनकारांनी अक्षरांचे घोडे केले, वाघ केले. सिद्दींच्या मुरुड-जंजिऱ्याला गेलात, तर महाद्वाराजवळ एक दगडी श्वापद दिसेल. वाघासारखं, पण वाघ नव्हे. त्यानं पंजांत हत्ती धरलेत आणि शेपटीतही एक हत्ती गुंडाळलाय.

म्हणजे आमच्या मातीत 'काढू नये' म्हणणारेही होते आणि काढणारेही होते. बऱ्याचदा दोघं एकाच घरात राहत. माझ्या वडीलधाऱ्यांना मी दोष देत नाही. त्यांनी एक बाजू मनापासून जपली. दादीनं दुसरी बाजू जपली, तीही कुणाचं मन न मोडता.

आता ज्या साध्या वस्तूनं हे सगळं पोरांच्या दप्तरात आणलं, तिच्याविषयी. अजिंठ्याच्या चित्रकाराला माती खणावी, वाटावी, गाळावी लागे. चित्रकथ्यालाही रंग घोटावे लागत. रंगीत पेन्सिलीनं ही खटपट संपवली. साध्या पेन्सिलीत ग्रॅफाइट आणि माती मिसळून ती भट्टीत भाजतात. ही रीत १७९५ साली फ्रान्समध्ये काँते यांनी काढली. रंगीत पेन्सिलीचं तसं नाही. भाजलं तर रंगच उडेल. म्हणून रंगाची पूड, पांढरी माती किंवा शंखजिऱ्याची भुकटी, डिंकासारखं काही चिकट द्रव्य आणि मेण एकत्र मळतात, त्याची शेवयांसारखी बारीक कांडी काढतात, वाळवतात आणि लाकडात बसवतात. जर्मनीच्या फाबर-कास्टेल कंपनीनं १९०८ साली चित्रकारांसाठी साठ रंगांची पेन्सिल काढली. आपल्याकडे दांडेकरांनी १९३१ साली मुंबईत 'कॅम्लिन'चा धंदा शाईपासून सुरू केला आणि पुढं मराठी मुलांच्या चित्रकलेच्या तासाला त्यांच्याच उंटाचं चित्र सोबतीला आलं. आज आपल्या देशातल्या पेन्सिलींना लागणाऱ्या लाकडाच्या पट्ट्या मोठ्या प्रमाणावर काश्मीरमधल्या पुलवामा जिल्ह्यातून येतात. तिथल्या पॉप्लरच्या झाडांच्या. पैठणच्या गोष्टी ज्या काश्मीरनं सांभाळल्या, तिथलंच लाकूड.

या पेन्सिलीचा स्वभाव मी लहानपणी हातानं शिकलो होतो. तिला घाई चालत नाही. पहिल्यांदा हलका हात, फिका रंग. मग त्यावर दुसरा थर, मग तिसरा. हिरवा हवा असेल तर पिवळ्यावर निळा चढवायचा. तो नुसत्या हिरव्या पेन्सिलीपेक्षा जिवंत दिसतो. पांढरा रंग म्हणजे कागदच. तो आधीपासून राखून ठेवावा लागतो, मागाहून आणता येत नाही. जोरात दाबलं तर मेणाचा गुळगुळीत थर बसतो आणि त्यावर पुढचा रंग धरत नाही. आणि खोडरबरानं नीट खोडता येत नाही. चुकलेली रेघ राहते. मग त्या चुकीचंच शिंग करायचं, नाहीतर खवला करायचा. अद्भुत प्राणी काढायला यापेक्षा योग्य साधन मला माहीत नाही.

पण मी ते सोडून दिलं. वेलीत पाखरं लपवता लपवता एक दिवस शब्दांत लपवू लागलो. शब्दांना कुणी हरकत घेत नव्हतं. मी कवी झालो याचं एक कारण हेही आहे, आणि यात तक्रार नाही. मात्र कुणी चित्र काढताना दिसलं की उजव्या हाताची बोटं आपोआप जुळतात. ती सवय गेली नाही.

तर नातीचा प्रश्न तसाच राहिला होता. घोड्याला पंख कुठे लावायचे? मी तिला घेऊन अंगणात गेलो. शेजारच्या कोंबड्या आमच्याच अंगणात असतात. एक धरली, हळूच तिचा पंख उघडून नातीला दाखवला. खांदा, कोपर, मनगट. म्हटलं, "बघ, हा पंख म्हणजे कोंबडीचा हातच आहे. आपला आणि हिचा हात सारखाच, फक्त हिनं त्याला पिसं लावली." संध्याकाळी चिंचेवरून वटवाघळं सुटली, तेव्हा सांगितलं, की त्यांचा पंख म्हणजे लांबच लांब बोटांमध्ये ताणलेली कातडी. तिनं थोडा वेळ विचार केला आणि म्हणाली, "म्हणजे घोड्याला चार पाय आणि वर दोन हात होणार? सहा?" मी म्हटलं, "हो. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत सहा हातापायांचा एकही नाही. म्हणून तर तो कुणी पाहिला नाही." युरोपातल्या ढालींवर चार पाय नि दोन पंखांचा ड्रॅगन असतो आणि दोन पाय नि दोन पंखांचा त्याचा एक भाऊही असतो, हे मी तिला सांगितलं. दोन पायांचा भाऊ वटवाघळाच्या हिशेबानं जास्त खरा, हे तिनंच ठरवलं.

मग आठवलं, आमच्या भिंतीवरच्या बुराकाचा पंख पुढच्या पायाच्या वर, खांद्यातून निघाला होता आणि जोड दिसू नये म्हणून चित्रकारानं तिथं मोत्यांची माळ घातली होती. मी पेन्सिल घेतली. किती वर्षांनी, ते मोजत नाही. खांद्यावर एक हलकी रेघ ओढली. हात थोडा कापला. नातीनं पाहिलं आणि स्पष्टच सांगितलं, "नाना, हा तर कोंबडीचाच झाला." मग तिनं त्यावर निळा चढवला, खाली पिवळा होताच, आणि माळेच्या जागी घुंगरू काढले.

मी म्हटलं, "याची अजून एक प्रत काढ. एक तुझ्याकडे, एक माझ्याकडे." ती हसली. "नाना, मोबाइलमध्ये फोटो काढला की झालं." तिचंही खरंच होतं. आता तर मोबाइलला नुसतं सांगितलं तरी तो क्षणात ड्रॅगन काढून देतो. तरी मी म्हटलं, "फोटो काढ. पण हातानंही काढ."

तिनं कुरकुरत दुसरा घोडा काढला. पहिल्यात पंख मिटलेले होते, दुसऱ्यात उघडले. तो आता आमच्या ओसरीत, जिथं पूर्वी बुराक होता त्याच खिळ्याला लावला आहे. खाली तिनं स्वतःचं नाव लिहिलंय आणि तारीखही घातलीय.